आईची जनुकं आणि आत्याचं माहेर

पत्र:

डॉक्टरबाई, मी कोल्हापूरजवळ कळंब्याला राहते, वय २८. माझा मुलगा १४ महिन्यांचा आहे. दीड महिन्याच्या लसीला नेलं तेव्हा डॉक्टरांना त्याच्या छातीत वेगळा आवाज आला. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, तर हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला ४ मिलिमीटरचं छिद्र. आता ते २ मिलिमीटरवर आलंय. औषध काही नाही, सहा महिन्यांनी परत बोलावलंय. पोरगं खातंय-पितंय, चालायला लागलंय. पण घरात मला सुख नाही. दिरांनी मोबाईलवर बातमी दाखवली, ‘आईच्या जनुकांमुळे बाळाच्या हृदयात दोष’. तेव्हापासून सासूबाई येता-जाता म्हणतात, ‘आमच्या घराण्यात कुणाला असलं न्हाई. तुझ्या म्हायेराकडनंच आलंय.’ त्यात मला दिवस गेल्याचं सातव्या आठवड्यात कळलं आणि फॉलिक ॲसिडची गोळी तेव्हाच सुरू झाली. त्याच महिन्यात ग्रहणही होतं. माझी चूक झाली का? आम्हाला दुसरं मूल हवंय. एका लॅबवाल्याने एमटीएचएफआर नावाची जनुकांची तपासणी सांगितली आहे, साडेचार हजार रुपये. करू का? गोळी कोणती घेऊ? मेडिकलमध्ये ५ ची देतात. घरात बुधवार-रविवार मटण असतं, पण मी वडिलांसारखी माळकरी, अंडंही खात नाही. हे गोकुळ शिरगावला कामाला आहेत, त्यांना विचारलं तर म्हणतात आईच्या नादी लागू नकोस. सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्याच, मग माहेरी तरी कुणापाशी रडू?

उत्तर:

एकेरीच लिहिते. माझी सून तुझ्याहून थोडीशीच मोठी, आणि तिला ‘तुम्ही’ म्हटलं की तिला वाटतं मी रागावले.

पत्र वाचताना पोटात कालवत होतं, आणि शेवटच्या वाक्याला मला हसू फुटलं. माफ कर. सासू म्हणजे सख्खी आत्या! ज्या माहेराला त्या रोज बोल लावतात त्याच उंबऱ्यातून त्या स्वतः बाहेर पडल्या, तुझ्या आधी तीसेक वर्षं. तुझे आजी-आजोबा हेच त्यांचे आई-वडील. माहेराकडून काही आलंच असेल, तर ते यायला दोन वाटा आहेत आणि त्यातली एक तुझ्या नवऱ्यावरून जाते. यात विनोद आहेच, पण पुढच्या बाळाच्या दृष्टीने कामाचीही एक गोष्ट आहे. तिच्याकडे नंतर येते.

आधी लेकराचं. शंभर बाळांमागे साधारण एकाच्या हृदयात जन्मतःच काही ना काही कमी-जास्त असतं आणि त्यात सगळ्यांत जास्त आढळतं ते हेच, खालच्या पडद्यातलं छिद्र. जन्मल्या-जन्मल्या ते ऐकू का आलं नाही, असा प्रश्न तुझ्या घरात नक्की निघाला असेल, ‘दवाखान्यात कुणी बघितलंच नाही’ म्हणून. तसं नसतं. पहिल्या दिवसांत बाळाच्या फुप्फुसांकडचा दाब जास्त असतो, त्यामुळे छिद्रातून रक्त फारसं वाहत नाही आणि आवाजही होत नाही. काही आठवड्यांत तो दाब उतरला की डाव्या बाजूचं रक्त उजवीकडे घुसतं आणि स्टेथोस्कोपला खरखर लागते. दीड महिन्याच्या लसीच्या रांगेत अशी किती बाळं मी स्वतः पकडली असतील. तुझ्या मुलाचं छिद्र निम्म्यावर आलंय, तो खातोय-पितोय, चालायला लागलाय. अशी लहान छिद्रं पुष्कळदा पहिल्या काही वर्षांत आपोआप बुजतात. तारखेला इको चुकवू नकोस आणि दात आले की ते स्वच्छ ठेव, कारण किडलेल्या दातांतले जंतू रक्तातून हृदयापर्यंत पोचू शकतात. समजा पुढे शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांवर सरकारी खर्चाने उपचार होतात. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा तुमच्या अंगणवाडीताईंकडे चौकशी केलीस तर वाट कळेल. पण तुझ्या वर्णनावरून मला तरी ती वेळ येईलसं दिसत नाही.

आता ती बातमी.

दिरांनी दाखवलेला मथळा खोटा नाही, पण अर्धाच आहे, आणि सासरी अर्धा मथळा फार महाग पडतो. अमेरिकेत १९९७ ते २०११ या काळात जन्मलेल्या बाळांवर जन्मदोषांचा एक मोठा अभ्यास झाला. दोष असलेल्या आणि नसलेल्या बाळांच्या आयांना फोन करून विचारलं, दिवस राहण्याआधी आणि राहिल्यावर काय खाल्लं, कोणती औषधं घेतली, फॉलिक ॲसिड घेतलं का, विडी-सिगारेट होती का. आणि गालाच्या आतून कापसाच्या काडीने पेशी घेतल्या. कुणाच्या? आईच्या, बाळाच्या आणि बापाच्याही. ही ‘बापाच्याही’ मथळ्यात मावली नाही.

त्या माहितीवरून अनेकांनी शोधलं ते असं: फोलेट हे जीवनसत्त्व (गोळीतलं फॉलिक ॲसिड हे त्याचंच रूप) शरीरात वापरायला जी जनुकं लागतात, त्यांत आईकडे काही बारीक बदल असतील तर बाळाच्या हृदयावर फरक पडतो का, आणि तिने गोळी घेतली असेल तर तो फरक बदलतो का. काही जनुकांच्या बाबतीत तसं दिसलं. गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या बायकांत तोच बदल वेगळा वागला. दुसऱ्या गटांनी पडताळून पाहिलं तेव्हा प्रत्येक वेळी तेच निघालं असं नाही. हजारो बायकांच्या आकड्यांतून वर येणारा हा एक पुसटसा कल आहे. त्यावरून कळंब्याच्या एका घरातल्या एका बाईकडे बोट दाखवायचं म्हणजे पंचांगात पाऊस लिहिलाय म्हणून कुणाच्या तरी भिंतीला ओल आली म्हणण्यासारखं आहे.

पण मग आईचीच जनुकं का बघतात, हा प्रश्न रास्त आहे. कारण आई बाळाला दोनदा पुरते. एकदा बापासारखीच, निम्मी जनुकं देऊन. आणि दुसऱ्यांदा नऊ महिन्यांचं घर म्हणून. पहिल्या आठवड्यांत त्या शेंगदाण्याएवढ्या जिवाला स्वतःचा शिधा नसतो. आईच्या रक्तात फोलेट किती, होमोसिस्टीन नावाचा द्रव्यांश किती साठलाय, साखर किती, हे तिच्या शरीरावर ठरतं आणि तिचं शरीर तिच्या सगळ्या जनुकांवर चालतं, बाळाला दिलेल्या आणि न दिलेल्याही. शास्त्रज्ञांना घर तपासायचं असतं म्हणून ते आईला बघतात. आपल्याकडे त्याचं भाषांतर ‘दोष आईचा’ असं होतं. ते शास्त्रज्ञांनी केलेलं नाही, ते आपल्या ओसरीवर झालंय.

ती जनुकं आणि गोळी यांचं नातं काय, ते कोल्हापूरकराला समजावणं सोपं आहे. धरणातून शहरात पाणी आणायच्या थेट पाईपलाईनच्या नुसत्या गप्पा ऐकण्यात ज्या गावाच्या पिढ्या गेल्या, त्याला पाण्याचं प्रेशर म्हणजे काय ते सांगायला नको. गल्लीच्या टोकाला एक घर आहे, त्याच्या नळाचा पाईप जरा बारीक. पाणी जोरात आलं की त्या घराचाही हौद भरतो, शेजाऱ्याला कळतसुद्धा नाही की पाईप बारीक आहे. पाणी कमी दाबाने आलं, की बाकीच्यांच्या बादल्या भरतात आणि नेमका तोच नळ फुसफुसतो. एमटीएचएफआर हे असं पाईपाचं जनुक. फोलेटला शरीराच्या कामाच्या रूपात आणणारं एक विकर (एन्झाइम) ते बनवतं. त्यात एका ठिकाणी बदल असला की विकर मंद चालतं. १९९५ पासून हा बदल ठाऊक आहे, आणि जगात कोट्यवधी धडधाकट माणसांमध्ये आहे. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा दोन्ही प्रती बदललेल्या असल्या, तरी फॉलिक ॲसिडची तेवढीच गोळी घेऊन रक्तातलं फोलेट इतरांपेक्षा साधारण १६ टक्क्यांनीच कमी भरतं. म्हणजे पाईप बारीक असला तरी गोळीने हौद भरतो.

म्हणून त्या साडेचार हजारांच्या तपासणीला माझं उत्तर सरळ नाही असं आहे. निकाल काहीही आला तरी तुला करायचं तेच आहे: गोळी घ्यायची. बदल सापडला तर वर ‘साध्या फॉलिक ॲसिडचा तुम्हाला उपयोग नाही, ही खास महागडी गोळी घ्या’ असंही सांगतील. ते खरं नाही, साधं फॉलिक ॲसिड अशा लोकांनाही वापरता येतं. मेंदू-कण्याचे दोष टाळण्याचा चाचण्यांतून सिद्ध झालेला उपयोगही त्या साध्या गोळीचाच आहे. अमेरिकेतल्या जनुकतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ मध्येच सांगितलंय की रक्ताच्या गुठळ्या किंवा वारंवार होणारे गर्भपात यांच्या शोधातही ही तपासणी करत बसू नये. आणि माझी खरी भीती वेगळी आहे. लॅबचा तो कागद घरात आला आणि त्यावर लाल अक्षरांत काही छापलेलं असलं, तर तो फ्रेम करून देवघराशेजारी लागेल. आत्यांची तपासणी कुणी करणार नाही, तुझी मात्र झालेली असेल. ते पैसे ठेव, पुढे त्यांना चांगली जागा सांगते.

सातव्या आठवड्याचं तुझ्या मनाला लागलंय, त्यावर मी गोलमोल बोलणार नाही. गर्भ राहिल्यापासून साधारण २२ व्या दिवशी ते इवलं हृदय धडधडायला लागतं. म्हणजे पाळी चुकून आठवडा उलटतो न उलटतो तोच. मेंदू आणि पाठीच्या कण्याची नळी २८ व्या दिवसापर्यंत मिटते. हृदयाचे पडदे त्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांत उभे राहतात. तुझी गोळी सुरू झाली तेव्हा पडद्याचं बांधकाम सुरू झालेलं होतं, आणि गोळी घेतल्या दिवशीच रक्तातलं फोलेट भरत नाही, त्याला आठवडे लागतात. म्हणून ही गोळी दिवस राहण्याच्या किमान एक महिना आधी, जमलं तर तीन महिने आधी सुरू करायची असते.

मग चूक झाली का? चूक व्हायला आधी कुणी सांगावं लागतं. आपल्याकडे बाई पाळी चुकल्यावर दवाखान्यात जाते आणि गोळी तिथे तिच्या हातात पडते. लग्नाच्या याद्या होतात, मानपान ठरतात, हॉलचा ॲडव्हान्स जातो, पण नव्या नवरीला रोज एक पिवळी गोळी घे असं कुणी सांगत नाही. माझी दोन्ही बाळंतपणं १९९१ च्या आधीची. मी डॉक्टर, तरी मला ही गोळी आधी घ्यायची असते हे माहीत नव्हतं, कारण ते पक्कं झालंच १९९१ मध्ये. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतल्या ३३ केंद्रांत चाचणी केली. कण्याचा दोष असलेलं मूल आधी झालेल्या बायकांना रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं, आणि पुन्हा तसं मूल होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. पुढच्याच वर्षी हंगेरीतून दुसरा पुरावा आला: ०.८ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड असलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांत असा दोष एकाही बाळाला नाही, दुसऱ्या गटात सहा बाळांना.

हा पुरावा मेंदू-कण्याचा, हे लक्षात ठेव. हृदयाच्या बाबतीत तो इतका ठणठणीत नाही. हंगेरीच्या चाचणीत हृदयाचे दोषही कमी दिसले होते. कॅनडात १९९८ पासून पिठात फॉलिक ॲसिड मिसळायला लागल्यावर क्वेबेक प्रांतात हृदयाच्या गंभीर दोषांचं प्रमाण वर्षाला सुमारे सहा टक्क्यांनी उतरत गेलं, असं २००९ मध्ये छापून आलं. तुझ्या मुलाचं छिद्र त्या गंभीर दोषांत मोडत नाही. दुसऱ्या काही अभ्यासांत मात्र फरक दिसला नाही. माझं मत विचारशील तर, हृदयाला उपयोग होण्याची बऱ्यापैकी शक्यता आहे, कण्याला उपयोग नक्की आहे, आणि गोळी काही रुपयांची आहे. एवढं पुरे. पण तू वेळेवर घेतली असतीस तर हे छिद्र पडलंच नसतं, असं कुणीही म्हणू शकत नाही. अगदी काटेकोरपणे गोळ्या घेतलेल्या आयांची, अशी छिद्रं असलेली बाळं मी कितीतरी तपासली आहेत. बहुतेक वेळा एकच एक कारण सापडतच नाही.

ग्रहणाचं विचारलंस. नाही. पुढे.

आता गोळी. रोज ४०० मायक्रोग्रॅम, आजपासून. दुसऱ्या मुलाचं अजून ठरायचंय म्हणून थांबू नकोस, ठरायच्या आधीच ती पोटात गेलेली बरी. दिवस राहिल्यावर पहिले तीन महिने चालू ठेवायची. चौथ्या महिन्यापासून आशाताई लोह आणि फॉलिक ॲसिडची एकत्र गोळी देतील, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची. मेडिकलमध्ये ‘फॉलिक ॲसिड द्या’ म्हटलं की बहुतेकदा ५ मिलिग्रॅमची हातात ठेवतात, ती तुला लागते त्याच्या साडेबारा पट. ४०० ची मिळते, पण मागावी लागते. ५ ची गोळी काही ठरावीक बायकांसाठी असते: आधीच्या बाळाला मेंदू-कण्याचा दोष होता, फिटची काही औषधं चालू आहेत, मधुमेह आहे, अशांसाठी. तुझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी तुला बघून मुद्दाम तीच लिहून दिली तर त्यांना कारण विचार आणि त्यांचं ऐक. दुकानदाराचं ऐकून घेऊ नकोस.

तू माळकरी आहेस, म्हणून मी इथे जरा जास्त थांबणार आहे. फोलेट आणि बी-१२ ही जोडीने काम करणारी जीवनसत्त्वं. बी-१२ मटण, मासे, अंडी आणि दूध यांतूनच मिळतं, भाजीत नाही. माळ घातलेल्या, दूधही चहापुरतंच घेणाऱ्या बाईत ते कमी असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी नुसतं भरपूर फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, हिमोग्लोबिन वर येतं, आणि खाली बी-१२ ची उणीव तशीच नसांना त्रास देत राहते. हातापायांना मुंग्या, जीभ लाल, विसरायला होणं. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवलं की गरोदरपणात ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला शरीर कमी दाद देत होतं. ही आपल्याच भागातली, आपल्यासारखं जेवणारी माणसं. तेव्हा साडेचार हजारांतले काही पैसे इथे घाल: बी-१२ ची तपासणी कर, कमी निघालं तर डॉक्टर गोळी किंवा इंजेक्शन देतील. माळ काढायची गरज नाही, गोळीने विठोबा रागावत नाही.

दूध वाढव. पण एक सांगते, गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध गरोदरपणात नको. मलाही आवडतं, लहानपणी वडील न्यायचे. पण न उकळलेल्या दुधातून येणारे काही जंतू गर्भाला धोक्याचे असतात. घरी आणून उकळ, मग फेसासकट पी.

भाज्यांचं म्हणशील तर ‘फॉलिक’ हा शब्दच लॅटिनमधल्या पानावरून आला, १९४१ मध्ये हे द्रव्य पालकातून वेगळं काढलं म्हणून. आणि त्याचा माग पहिल्यांदा लागला तो आपल्या मुंबईत. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा पंडुरोग बघायला आली, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे तिने दाखवलं. त्या अर्कात जे होतं तेच हे. पुढे ते कारखान्यात बनवता येण्याजोगं केलं त्या गटाचे प्रमुख होते आंध्रातले यल्लाप्रगडा सुब्बाराव. तुझ्या हातातल्या त्या पिवळ्या गोळीमागे अशा गिरणीतल्या बायका आहेत, हे मला नेहमी आठवतं. तर मेथी, चाकवत, पोकळा, पालक, हरभऱ्याची डाळ, मसूर, शेंगदाणे, सगळं खा. पालेभाजी उकडून पाणी मोरीत ओतू नकोस, फोलेट त्या पाण्यातच उतरतं. आमटीत घाल. मात्र पानांच्या भरवशावर गोळी सोडायची नाही. शिजवताना फोलेट बरंच जातं आणि ते गोळीइतकं अंगी लागत नाही.

बी-१२ बरोबर उपाशीपोटीची साखर आणि थायरॉइडही तपासून घे. यातली साखर सगळ्यांत महत्त्वाची. दिवस राहण्याआधीच मधुमेह असेल आणि तो आटोक्यात नसेल, तर बाळाच्या हृदयाचा धोका कुठल्याही एमटीएचएफआरपेक्षा कितीतरी जास्त वाढतो. रुबेलाची लस झाली आहे का ते विचार. झाली नसेल तर आधी घे आणि मग महिनाभर दिवस राहू देऊ नकोस. आणि मिसरी. तू लिहिलं नाहीस, पण कोल्हापूरच्या बायका मला मिसरीबद्दल कधीच आपणहून सांगत नाहीत. सकाळी चुलीपाशी आत्यांच्या डबीतून चिमूटभर घेत असशील तर ती भाजलेली तंबाखूच आहे, दात घासायची पूड नव्हे. आजपासून बंद.

आता राहिली आत्याची गोष्ट. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आलंय आणि मी त्याला नावं ठेवायला बसलेली नाही, माझ्याच घरात दोन आहेत. पण हिशेब असा. तू आणि तुझा नवरा आते-मामे भावंडं, म्हणजे तुमच्या दोघांत साधारण एक अष्टमांश जनुकं सारखीच, त्याच आजी-आजोबांकडून आलेली. सर्वसाधारण जोडप्याच्या बाळात कुठल्या तरी मोठ्या जन्मदोषाची शक्यता शंभरात दोन-तीन असते, अशा नात्यात ती आणखी दोन-तीनने वाढते. आणि एका मुलाच्या हृदयात दोष असला की पुढच्याला तसं काही असण्याची शक्यता सगळ्याच जोडप्यांत शंभरात दोन ते पाच धरतात. तुमच्या नात्यामुळे तज्ज्ञ थोडा वरचा आकडा धरतील. तरीही शंभरातल्या नव्वदहून कितीतरी जास्त बाळांचं हृदय ठीक असतं. घाबरायला मी हे सांगत नाही. उरलेले पैसे कुठे घालायचे ते सांगतेय: गरोदरपणी १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान पोटातल्या बाळाच्या हृदयाचा इको, बाळाच्या हृदयाचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडून. नेहमीची सोनोग्राफी झाली म्हणून हा सोडू नकोस. आणि दिवस राहण्याआधी एकदा जनुकीय सल्ला देणाऱ्यांना भेटा, दोघांनी मिळून. नवऱ्याला सांग, ‘नादी लागू नकोस’ एवढ्यावर भागणार नाही, निम्मी जनुकं तुझी आहेत, अर्धा दिवस रजा टाक.

आणि त्या भेटीला आत्यांनाही घेऊन जा. घराण्याचा इतिहास सांगायला थोरलं माणूस हवंच असतं, तसंच म्हणून ने, मान द्यायला म्हणून. डॉक्टर कागदावर वंशावळ काढतील, पुरुषाला चौकोन, बाईला गोल. तुझ्या आणि नवऱ्याच्या मधे दुहेरी रेघ मारतील, नात्यातल्या लग्नाला तशीच मारतात. मग तुझ्या गोलावरून वडिलांच्या चौकोनापर्यंत जातील, तुझ्या नवऱ्याच्या चौकोनावरून आत्यांच्या गोलापर्यंत जातील, आणि दोन्हीकडून वर चढत एकाच जोडप्यापाशी येऊन थांबतील. तिथे आजी-आजोबांची नावं लागतील. ती आत्यांनाच सांगू दे, आणि निघताना त्या कागदाची एक प्रत मागून घे.